बोट ट्रेलरचे ब्रेक जाम: एकाच ॲक्सलवर तीन वेगवेगळे दोष निघाले त्याची पूर्ण केस

मित्राने गेल्या वर्षी एक सेकंडहँड बोट ट्रेलर घेतला, सिंगल ॲक्सलचा, बोट धरून साधारण १४०० किलो वजन. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि पुढे, गाडीला जोडायच्या टोकाला, सर्ज कपलर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सर्ज कपलर म्हणजे गाडी स्लो झाली की मागून ट्रेलर पुढे ढकलतो, कपलरचा आतला भाग मागे सरकतो, त्याच्या मागचा पुशरॉड मास्टर सिलेंडरचा (म्हणजे ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाचा) पिस्टन दाबतो आणि ब्रेक लागतात. गाडीच्या ब्रेक पेडलशी त्याचा काही संबंध नाही, वायर नाही, काही नाही. रिव्हर्सला पण ट्रेलर असाच दाबला जातो, म्हणून डिस्कवाल्या ट्रेलरला एक सोलेनॉइड असतो जो गाडीच्या रिव्हर्स लाइटच्या करंटवर चालतो आणि तेवढ्या वेळापुरता ऑइलचा रस्ता बंद करतो. पाच पिनच्या प्लगमधली पाचवी वायर त्याचीच.

तर हा ट्रेलर शेवटचा समुद्रात उतरवला, बोट वर काढली, गोड्या पाण्याने धुतला नाही, रिव्हर्स घेऊन जागेवर लावला, गाडीपासून सोडवला आणि तो तसाच चार महिने उभा राहिला. मग एक दिवस मित्राने जोडला आणि ओढला तर चाकं फिरेचनात, दोन्ही टायर नुसते घासत पुढे आले आणि जमिनीवर काळे पट्टे. त्याचा फोन आला, "अरे चाकं चिकटलीयत, जरा जोरात झटका देऊन बघतो, सुटतील."

मी म्हटलं थांब, काहीच करू नकोस, मी येतो.

झटक्याने सुटतात हे खरंय, बऱ्याचदा सुटतात, विशेषतः ड्रम ब्रेकमध्ये लायनर ड्रमला गंजाने चिकटलेला असेल तर हळू हळू पुढे-मागे करून सुटतो आणि त्यात वावगं काही नाही. पण माझा अनुभव असा की झटका देऊन सुटलं की माणूस समजतो काम झालं, आणि का चिकटलं होतं हा प्रश्न तिथेच मरतो. शिवाय डिस्कमध्ये जोरात झटका दिला तर पॅडचं अस्तर लोखंडी पाठीपासून उखडून येऊ शकतं, मग पुढच्या उतारावर ब्रेकच नाही. म्हणून हातोडीला किंवा गिअरला हात घालण्याआधी मला एकच गोष्ट ठरवायची असते, चाक ऑइलच्या दाबाने धरलंय की गंजाने धरलंय. हे कळायला एक पाना आणि दहा मिनिटं लागतात, आणि दोन्हीचे इलाज एकदम वेगळे.

गेल्यावर आधी सोपं बघितलं. ब्रेकअवेची केबल, म्हणजे ट्रेलर गाडीपासून सुटला तर ओढली जाऊन ब्रेक लावणारी ती बारीक केबल. जोडताना चुकून ओढली गेली तर तिचा लिव्हर अडकून बसतो आणि ब्रेक लागलेलेच राहतात, आणि लोक इकडे चाकं खोलत बसतात. आमचा लिव्हर जागेवर होता. मग कपलर बघितला, गाडीने ओढल्यामुळे तो पूर्ण बाहेर आलेला होता, म्हणजे पुशरॉडवर आता दाब नसायला पाहिजे. तरी चाकं जाम. सोलेनॉइडचा प्लग काढलेलाच होता, करंट नाही म्हणजे रस्ता उघडा. हे सगळं पाच मिनिटांत झालं.

मग ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवून, गाडीचा हँडब्रेक लावून, एका चाकाला पुढून मागून ठोकळे लावून दुसरी बाजू जॅकवर घेतली आणि खाली स्टँड दिले. नुसत्या जॅकवर ट्रेलरखाली हात घालू नका, हे मी प्रत्येक वेळी सांगतो, आणि ब्रेक सुटणार आहेत हे लक्षात ठेवा, आत्ता जे चाक ट्रेलरला धरून ठेवतंय तेच थोड्या वेळात मोकळं होणारंय.

दोन्ही चाकं हाताने हलेनात. आता ब्लीडर निपल, म्हणजे चाकाच्या ब्रेकवरचा तो छोटा पोकळ स्क्रू जो सोडला की ऑइल बाहेर येतं. समुद्राच्या पाण्यात गेलेला निपल सरळ फिरत नाही, तुटतो, म्हणून आदल्या तासाभरात दोनदा गंज सोडवणारं स्प्रे ऑइल मारलं (फक्त निपलच्या बुडाशी, पॅड आणि डिस्कवर एक थेंब नाही) आणि सहा कोनी सॉकेटने, उघड्या पान्याने नाही. निपलवर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत.

उजव्या बाजूला निपल अर्धा फेरा सोडला आणि ऑइलची जोरात एक पिचकारी आली, चहासारखं काळपट ऑइल, आणि लगेच थांबली. चाकाला हात लावला तर फिरलं! म्हणजे उजवं चाक दाबाने धरलेलं होतं. चार महिने उभ्या ट्रेलरमध्ये, पुशरॉड मोकळा असताना, त्या कॅलिपरमध्ये (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटीत धरणारा भाग) दाब कोंडलेला होता.

डाव्या बाजूला तेच केलं, निपल सोडला, चार-पाच थेंब ओघळले आणि चाक तसूभर हललं नाही. म्हणजे तिथे गंज.

मित्राच्या डोक्यात तोपर्यंत एकच रोग होता, "चार महिने उभा होता म्हणून चिकटला". आता एकाच ॲक्सलवर दोन चाकं दोन वेगळ्या कारणांनी जाम निघाली. झटका दिला असता तर डावं कदाचित सुटलं असतं आणि उजवं आगीसारखं तापत गेलं असतं.

डावं पहिलं घेतलं कारण ते नुसतं मेहनतीचं काम. चाक काढलं, कॅलिपरचे बोल्ट काढले, खालची स्लाइड पिन तिच्या भोकात पूर्ण गंजून बसलेली, रबरी टोपी फाटलेली. फ्लोटिंग कॅलिपर त्या पिनांवर सरकला नाही तर एकच पॅड काम करतो आणि दुसरा कधीच नीट सुटत नाही. आतला पॅड डिस्कला चिकटलेला होता, लाकडाचा ठोकळा मधे धरून हातोडीने हळू हळू ठोकत आणि हब पुढे-मागे फिरवत तो सुटला, सुटताना अस्तराचा एक कोपरा डिस्कवरच राहिला. पॅडची लोखंडी पाठ गंजाने फुगून ब्रॅकेटमध्ये घट्ट बसलेली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे हलणाऱ्या दोन भागांमधली मोकळीक तो खाऊन टाकतो, हेच मीठाच्या पाण्याचं सगळ्यात वाईट. कॅलिपरचा पिस्टन अर्धा मागे गेला आणि अडकला. कॅलिपर बदलायचा, डिस्कवर खोल खड्डे होते म्हणून डिस्क पण बदलायची ठरवली, आणि पॅड दोन्ही बाजूंचे, कारण एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने ठेवले की ट्रेलर ब्रेकला एका बाजूला खेचतो.

आता उजवं, आणि मला या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा वाटतो.

दाब कोंडलाय हे कळलं पण कुठे कोंडलाय? मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंत रस्ता लांब आहे: मास्टर सिलेंडर, सोलेनॉइड, लोखंडी पाइप, मधला टी (जिथून पाइप दोन चाकांकडे फुटतो), परत पाइप, मग चाकाजवळचा रबरी होज, मग कॅलिपर. शोधायची पद्धत अशी की ब्रेक लावून दाब भरायचा, सोडायचा, आणि मग चाकाकडून पुढे एक एक जोड सैल करत जायचं. ज्या जोडाला सैल केल्यावर चाक सुटतं त्या जोडाच्या पलीकडे, म्हणजे मास्टर सिलेंडरच्या बाजूला, अडथळा आहे. सैल करूनही सुटलं नाही तर अडथळा जोड आणि चाक यांच्या मधे.

ब्लीडर परत बंद केला, ब्रेकअवेची केबल ओढून दाब दिला, चाक धरलं. लिव्हर परत जागेवर बसवला. चाक धरलेलंच. आता होजच्या वरच्या टोकाला जिथे लोखंडी पाइप जोडला जातो तो नट पाइपच्या पान्याने सैल केला, दोन थेंब आले, चाक हललं नाही. नट घट्ट केला, खाली ब्लीडर सोडला, पिचकारी आणि चाक मोकळं. दोन टोकांच्या मधे आहे काय तर एक फूटभर रबरी होज. दोषी तोच.

होज काढून कापला तर आतलं भोक इतकं बुजलेलं की बारीक तार पण सरकेना. बाहेरून होज दिसायला ठीक होता, भेगा नाहीत, फुगवटा नाही, म्हणून नुसतं बघून हा दोष कधीच सापडला नसता. झालं असं होतं की होजला धरणारा लोखंडी क्लॅम्प गंजून आतल्या बाजूला फुगला आणि त्याने होजला आवळलं, आणि आतलं अस्तरही सुजून सुटलं. ब्रेक लावताना दाब प्रचंड असतो, तो या चिंचोळ्या जागेतून ऑइल ढकलतो, पण सोडताना परत यायला जोर फारच थोडा, त्यामुळे ऑइल गेलं ते आतच अडकलं. एका बाजूला उघडणाऱ्या व्हॉल्व्हसारखं. आणि मित्र ट्रेलर रिव्हर्समध्ये दाबून लावून गेला होता, रिव्हर्स लाइट बंद झाला की सोलेनॉइड रस्ता उघडतो आणि कपलर तर दाबलेलाच, म्हणजे शेवटचा दाब भरूनच उभा केला होता.

दोन्ही होज बदलले, डाव्याचा पण, कारण वय तेच आणि क्लॅम्प तसाच. ऑइल सगळं काढून नवं डॉट ३ भरलं. डॉट ४ चालतं, एकमेकांत मिसळतात, पण सिलिकॉनचं डॉट ५ यात घालायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो आणि पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो, आणि बोटीचा ट्रेलर तर पाण्यातच जातो, त्यामुळे ते चहासारखं ऑइल किती जुनं होतं याचा विचार करा. लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. दोन्ही चाकं हाताने फिरत होती, मित्र खूश, "झालं ना आता?" मलाही तसंच वाटलं होतं, खरं सांगतो.

१२ किलोमीटर फिरवून आणला आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने हब बघितले. डावा ८८ अंश, उजवा ९१. रस्ता सपाट होता, ब्रेक फार लावले नव्हते, आणि करपल्याचा वास येत होता.

मित्र म्हणाला नवे पॅड आहेत, बसेपर्यंत तापणारच. हे चूक नाही, नवे पॅड थोडे तापतात. पण इतके नाही, आणि थंड झाल्यावर चाक उचलून फिरवलं तर हाताला ओढ लागत होती, फेरा अर्धा व्हायच्या आत थांबत होतं. जाण्याआधी फिरत होतं, आता नाही.

इथे मला त्या दोन आकड्यांनीच दिशा दिली. ८८ आणि ९१, जवळजवळ सारखे. एका चाकाचा दोष असेल तर एक चाक तापतं. दोन्ही बाजू सारख्या तापत असतील तर दोष अशा ठिकाणी शोधायचा जे दोघांना सामाईक आहे, म्हणजे टी च्या पुढे. त्यामुळे चाकांकडे परत गेलोच नाही, थेट मास्टर सिलेंडरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपचा नट सैल केला. बारीकशी पिचकारी, आणि दोन्ही चाकं एकदम मोकळी.

मग संशयित उरले चार. कपलर पूर्ण बाहेर येत नसेल, पण येत होता. पुशरॉड पिस्टनला थोडा दाबूनच ठेवत असेल, पण हलवून बघितला तर पुशरॉडला किंचित मोकळीक होती म्हणजे पिस्टन पूर्ण मागे येतोय. तिसरा, मास्टर सिलेंडरमधलं ते बारीक भोक ज्यातून ब्रेक सोडल्यावर ऑइल परत टाकीत जातं, ते कचऱ्याने बुजलं की नेमका असाच त्रास होतो. त्याची सोपी परीक्षा आहे, टाकीचं झाकण उघडून कोणालातरी कपलर अगदी थोडा दाबायला सांगायचा, भोक उघडं असेल तर सुरुवातीच्याच हालचालीला टाकीतल्या ऑइलमध्ये छोटा उसळा दिसतो (डोळ्यांना चष्मा लावा, ऑइल उडतं आणि रंग पण खातं). उसळा स्पष्ट दिसला. राहिला चौथा, रेसिड्युअल व्हॉल्व्ह.

आणि तिथे सगळा उलगडा झाला. मास्टर सिलेंडरच्या तोंडाशी असलेला तो छोटा व्हॉल्व्ह काढून बघितला, कपलरवरची गंजलेली पट्टी घासून वाचली तर कपलर ड्रम ब्रेकसाठीचा. आधीच्या मालकाने कधीतरी चाकांवरचे ड्रम काढून डिस्क बसवले, सोलेनॉइड पण लावला, पण पुढचा कपलर जुनाच ठेवला.

ड्रमच्या सिस्टीममध्ये हा व्हॉल्व्ह ब्रेक सोडल्यावरही पाइपमध्ये साधारण १० पीएसआय दाब मुद्दाम राखून ठेवतो. त्याने व्हील सिलेंडरच्या रबरी वॉशरच्या कडा भिंतीला टेकून राहतात, हवा आत ओढली जात नाही. ड्रममध्ये लायनरला मागे खेचणाऱ्या दणकट स्प्रिंगा असतात, १० पीएसआय त्यांच्यापुढे काहीच नाही. डिस्कमध्ये स्प्रिंगच नाही. तिथे पिस्टन मागे येतो तो फक्त त्याच्या चौकोनी सीलला पडलेला पीळ सुटतो म्हणून, तेही मिलिमीटरच्या अगदी थोड्या अंशाने. हिशोब करा, १० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.७ किलो. ५० मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे जवळपास १४ किलोचा जोर पॅडवर कायम, गाडी चालू असो की ट्रेलर उभा असो. १४ किलो ऐकायला कमी वाटतं पण तासभर चालवताना ते सतत घासतंय.

आता मागे जाऊन बघितलं तर डाव्या चाकाचं पण चित्र बदललं. पॅड डिस्कला का चिकटला? समुद्राच्या पाण्यात भिजलेली डिस्क आणि तिच्यावर चार महिने दाबून धरलेला पॅड. मधे वारा लागायला फट नाही. पिनेचा गंज आणि फाटलेली टोपी हेही कारण आहेच, पण पॅड सुटलेला असता तर इतका घट्ट बसला नसता असं माझं मत. होजचा दोष मात्र स्वतंत्र होता, त्याला व्हॉल्व्हशी जोडायला मला काही आधार दिसत नाही.

व्हॉल्व्ह नुसता काढून टाकला तर? मित्राने हेच विचारलं. काढला तर ओढ जाईल, पण ड्रमच्या कपलरचा मास्टर सिलेंडर साधारणपणे मोठ्या व्यासाचा असतो, ऑइल जास्त ढकलतो पण दाब कमी तयार करतो. डिस्कला नीट थांबायला १००० पीएसआयच्या पुढे दाब लागतो. त्यामुळे ओढ जाऊन उलट कमजोर ब्रेक हातात आले असते, आणि १४०० किलो मागे असताना ते मला चालणार नव्हतं. काही कंपन्या आपल्या ठराविक मॉडेलमध्ये व्हॉल्व्ह काढायची परवानगी देतात, तसं त्यांच्या पुस्तकात लिहिलं असेल तरच करा. आम्ही ट्रेलरच्या वजनाला साजेसा डिस्कसाठीचा कपलर पूर्ण बसवला.

अजून एक नुकसान राहिलं होतं जे ब्रेकच्या नादात विसरलं जातं. तापलेला हब घेऊन लोक सरळ पाण्यात उतरतात. हबच्या आतली गरम हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. वर्षभर घासणारे ब्रेक म्हणजे वर्षभर प्रत्येक वेळी गरम हब पाण्यात. दोन्ही हब उघडले, उजव्याचं ग्रीस काळं पण ठीक होतं, डाव्याचं दुधाळ झालेलं, म्हणजे पाणी शिरलेलं, आणि आतल्या बेअरिंगच्या रोलरवर डाग. बेअरिंग रेससकट बदललं, सील दोन्ही बाजूंचे नवे, उजव्याला धुऊन नवं ग्रीस. ज्यांचा ट्रेलर कधी तापलाय त्यांनी ब्रेक सुटले म्हणून हब न उघडता राहू नका, कृपा करून, बेअरिंग रस्त्यात बसलं तर चाक निघून जातं.

परत हवा काढली, सोलेनॉइड जोडून रिव्हर्सला चाकं धरत नाहीत ते बघितलं, सपाट रस्त्यावर हळू वेगात ब्रेक लावून पॅड बसवले. मग त्याच रस्त्यावर तेच १२ किलोमीटर. डावा ४३, उजवा ४१, हात ठेवून राहता येत होता. चाकाचे नट १५, ४० आणि ८० किलोमीटरला थांबून टॉर्क पान्याने परत तपासले, चाक काढून बसवल्यावर ते थोडे सैल होऊ शकतात.

मित्र आता ट्रेलर रिव्हर्सने जागेवर लावल्यावर गाडी हातभर पुढे घेतो, कपलर बाहेर आलेला डोळ्याने बघतो, मग चाकांना ठोकळे लावून सोडवतो. पाण्यात उतरवायच्या आधी हबला हात लावून बघतो, गरम असतील तर थांबतो, आणि वर आल्यावर चाकांच्या आतल्या बाजूने, कॅलिपरवर, गोड्या पाण्याचा पाइप धरतो. तीन आठवडे उभा राहिल्यावर मी परत गेलो आणि दोन्ही बाजू उचलून बघितल्या. उजवं चाक हाताने ढकललं तर दोन फेरे फिरलं, डावं दीड फेरा, पॅडचा हलका घासल्याचा आवाज करत, आणि निपल सोडला तर पिचकारी आली नाही, थेंबच आले.